वरून पहिली पायरी

६ जानेवारी, मंगळवार

आज मी एका पोराचा जिना मोडला. चुकून नाही. हाताने मोडला, आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही.

पहिल्या वर्षाच्या मुलांनी पुठ्ठ्याची दुमजली घरं करून मॉडेल-रूममध्ये ठेवली होती. ही खोली अकरा वर्षं माझ्या ताब्यात आहे. आर्किटेक्चरचं कॉलेज म्हटलं की लोकांना वाटतं इथे इमारती बांधायला शिकवतात. इथे पुठ्ठा कापायला शिकवतात आणि कापलेला पुठ्ठा मी झाडते. वीरधवल म्हणून एक उंच पोरगा आहे, कराडकडचा, घरचा ऊस, दोन चुलते फौजेत. त्याच्या घराला गच्ची होती, झाडं होती, दारात गाडी होती, गाडीत माणूससुद्धा बसवला होता. जिना बघितला तर वरची पायरी बाकीच्यांच्या निम्मी.

"ही काय हाय रं?"

"उरली ती, मावशी."

"उरली म्हंजे?"

"उंची उरली थोडी. मग एक बारकी पायरी टाकली. काय हुतंय त्याला? सॉफ्टवेअर करतंय की सगळं."

"सॉफ्टवेअर चढून जाणार हाय का वर? का तुजी आई जाणार?"

पोरं हसली. त्यालाही हसू आलं. ते हसू बघून मी जिना उपटला आणि त्याच्या हातात दिला.

याच मुलांना गणित शिकवायला मुकुल सर आहेत. वाईचे, तिशीच्या आतबाहेरचे, गणितात डॉक्टर झालेले. बोलतात गोड, पण फळ्याकडे तोंड करून. परवाच्या चाचणीत एकसष्टांतले त्रेचाळीस नापास झाले. आज स्टाफरूममध्ये मी चहा घेऊन गेले तेव्हा प्राचार्य मॅडम म्हणत होत्या की मुलांना गणिताचा उपयोग दिसत नाही, पुढच्या वर्षी ते दोन तास सॉफ्टवेअरला देऊन टाकू. मुकुल सरांचं बिस्कीट चहात पडलं, ते चमच्याने शोधत बसले.

गणित काढणार म्हणे. माझा नवरा जिन्यावरून पडून गेला. या फेब्रुवारीत चार वर्षं होतील. मालक गवंडी होते, बिरदेव मिस्त्री म्हटलं की तासगाव-कवठ्याच्या पट्ट्यात कुणीही ओळखायचं. ज्या अभ्यासिकेचा जिना त्यांनी घातला, त्याच जिन्यावरून उद्घाटनाच्या आदल्या दिवशी भर दुपारी पडले. गावाने सांगितलं, पिऊन होते. त्या गावाचं नाव मी तेव्हापासून तोंडात घेतलेलं नाही, वहीतही घेणार नाही. मालक पिऊन नव्हते. जिन्यातच काहीतरी चुकलेलं होतं, नकाशा काढणाऱ्या इंजिनिअरने चुकवलं होतं आणि मेलेल्या माणसाच्या तोंडात दारू ओतून सगळे मोकळे झाले. हे मला माहीत आहे. पण माझ्या माहीत असण्याला कोण विचारतो?

८ जानेवारी, गुरुवार

फळा पुसायला गेले तर मुकुल सर एकटेच वर्गात बसलेले. फळ्यावर एक वाकडी रेघ आणि तिला टेकलेली सरळ रेघ.

मी विचारलं, "सर, ह्याचं काय हुतं?"

"म्हणजे?"

"म्हंजे घर बांधताना ह्याचं काय हुतं?"

त्यांनी हातातला खडू खाली ठेवला. मग म्हणाले, "मावशी, खरं सांगू? मी आयुष्यात भिंतीत खिळासुद्धा ठोकलेला नाही."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, तुमी सहा म्हैनं ह्या पोरांना बांधकामाचं गणित शिकवताय आणि तुमाला जिना कसा मोजत्यात ठावं न्हाई? ते म्हणाले, नाही. सरळ नाही म्हणाले, त्यामुळे पुढे भांडता येईना. मग मीच सांगितलं. मालकांना त्यांच्या उस्तादाने शिकवलं ते: एका स्लॅबपासून दुसऱ्या स्लॅबपर्यंत उंची घे. साडेसहा इंचांनी भाग. जे उरेल ते एका पायरीवर टाकू नको, सगळ्यांना वाट. माणसाचा पाय दुसऱ्या-तिसऱ्या पायरीपासून बघायचं सोडतो. तो आधीच्या पायरीवर विश्वास ठेवून पुढची टाकतो. एक पायरी अर्धा इंच खोटी निघाली तर पाय फसतो.

सर उठून उभे राहिले. "पाय फसतो," असं स्वतःशीच म्हणाले. मग टेप मागितली आणि आम्ही दोघांनी कॉलेजचा जिना मोजला. वर जाणारी मुलं बाजूने जात होती. सर प्रत्येक पायरीशी गुडघे टेकत होते, नवी विजार पांढरी झाली.

शेवटी म्हणाले, "मॅडमनी मला फेब्रुवारीअखेरपर्यंत मुदत दिली आहे. मुलांना उपयोगी पडेल असं काहीतरी दाखवा, म्हणाल्या. मंगळवारच्या तासाला तुम्ही याल?"

मी म्हटलं, मी शिपाई हाय. ते म्हणाले, ते मला ठाऊक आहे.

१३ जानेवारी, मंगळवार

भोगीची भाजी सकाळी चारला उठून केली आणि नऊला एकसष्ट पोरांपुढे उभी राहिले. मला वाचायलासुद्धा कुणी शिकवलेलं नाही. माझी लेक रेश्मा पहिलीत असताना तिच्या समोर बसून तिची पाटी बघत शिकले, त्यामुळे पहिले दोन महिने मला अक्षरं उलटीच ओळखू यायची. आणि आज हातात खडू.

दहा फूट उंची दिली. एकशे वीस इंच. साडेसहाने भागलं तर अठरा पायऱ्या, तीन इंच उरले. "टाका वरच्या पायरीवर!" मागून कुणीतरी ओरडलं आणि सगळ्यांनी वीरधवलकडे बघितलं. तो म्हणाला, "माजा जिना एकदा मोडलाय, आता मी शाणा झालोय." तीन इंचांचे चोवीस सूत. अठरा जणींत वाटले तर प्रत्येकीला सव्वा सुताहून किंचित जास्त. इंचाच्या आठव्या भागाला सूत म्हणतात हे या मुलांना ठाऊक नव्हतं. आणि उंच्या अठरा म्हणजे पायऱ्या सतराच करायच्या, कारण अठरावी म्हणजे वरचा मजला स्वतः, हे कळलं तेव्हा वर्गात असा काही गलका झाला की शेजारच्या वर्गातून निरोप आला.

मुकुल सर शेवटच्या बाकावर बसून वहीत उतरवून घेत होते. मालक असते तर म्हणाले असते, शाले, तू तर मास्तरीण झालीस.

साताऱ्याची सई म्हणून एक मुलगी आहे, चष्म्यातली, सारखी हात वर करणारी. तिने विचारलं, "मावशी, लादी धरायची का यात? स्लॅबवर नंतर लादी येते ना?"

मी म्हटलं, "लादी काय, सगळीकडंच बसती. खाली बसती, वर बसती, पायरीवर बसती. समसमान कटून जातंय."

"पण सगळीकडे सारख्याच जाडीची असते का?"

"आगं, तीस वर्सं जिनं घातल्यात माज्या मालकांनी! तू किती घातलंस?"

ती खाली बसली. हुशार आहे, पण मुलींनी प्रत्येक गोष्टीत खुसपट काढू नये.

१५ जानेवारी, गुरुवार

स्टाफरूममध्ये हळदीकुंकू होतं. बायकांना वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे दिले. वीस कपबशा मी विसळल्या. तिळगुळाची एक वडी कुणीतरी बेसिनच्या कडेला माझ्यासाठी ठेवली होती. ती मी कावळ्याला घातली.

२० जानेवारी, मंगळवार

आज जे ऐकलं ते लिहायला हात उठत नाही. पण लिहिलं नाही तर झोप येणार नाही.

दुसरा तासही चांगला झाला. सरांनी मुलांना घरचे, गावचे जिने मोजून आणायला सांगितले होते. मुलं एकेक जिना सांगत होती, फळ्यावर आकडे चढत होते. मध्येच वीरधवल म्हणाला, "सर, आमच्या पावण्यांच्या गावात एक अभ्यासिका हाय. तिथला जिना मोजायला कोण जात न्हाई. भूत हाय तिथं."

वर्ग खिदळला. सर म्हणाले, "कसलं भूत?"

"गवंड्याचं. पिऊन पडून म्येला तिथं. आता वरनं खाली उतरणाऱ्याला ढकलतंय. खोटं न्हाई, सर! गेल्या म्हैन्यात अर्जुना मामाची पोरगी पडली, हात मोडला तिचा. त्याच्या आदी एक मास्तर पडला. सगळी एकाच जागी. वरनं पयल्या पायरीला."

माझ्या हातात डस्टर होतं. ते मी फेकून मारलं. त्याच्या कानाजवळून गेलं आणि खिडकीची काच तडकली.

"माजा नवरा हाय त्यो," मी म्हटलं.

वीरधवलचं तोंड राखेसारखं झालं. तास सुटल्यावर तो मॉडेल-रूमच्या दाराशी येऊन उभा राहिला, आत येईना. "मावशी, मला ठावं नव्हतं." मी म्हटलं, जा. तो गेला नाही. मी झाडत राहिले, तो उभा राहिला. शेवटी तोच सुपली घेऊन कचरा भरायला लागला.

जिवंतपणी त्या माणसाने कुणाला धक्का दिला नाही. आणि मेल्यावर लेकरांना ढकलतो म्हणे!

२१ जानेवारी, बुधवार

मालक प्यायचे. हे मी लपवत नाही. लग्नानंतर बारा वर्षं प्यायले, मला मारलंही दोनदा. मग आरेवाडीला बिरोबापुढे भंडारा उचलून सोडली, ती सुटली. सहा वर्षं शिवले नाहीत. बिरोबाचा भंडारा उचललेला धनगर शपथ मोडत नाही.

पण जे कुणालाच सांगितलं नाही ते इथे लिहिते. मिरजेच्या दवाखान्यात त्यांना पांढऱ्या चादरीवर ठेवलं होतं. डोक्याला पट्टी. जीव गेलेला होता. सगळे बाहेर गेले तेव्हा मी वाकले आणि त्यांचं तोंड हुंगलं.

स्पिरिटचा वास येत होता. दवाखान्यात सगळीकडेच स्पिरिटचा वास असतो. मला काही कळलं नाही.

तरी हुंगलं मी. गावाने म्हटलं म्हणून हुंगलं. या गोष्टीचा राग कुणावर काढायचा?

२७ जानेवारी, मंगळवार

मुकुल सरांना म्हटलं, तुमाला उपयोगाचं गणित पायजे ना? त्या गावचा जिना मोजा. पोरांना घेऊन चला.

ते म्हणाले, "मावशी, नक्की? काय निघेल ते आपल्याला ठाऊक नाही."

मला ठाऊक हाय, मी म्हटलं. इंजिनिअरची चूक निघंल. पोरं फळ्यावर मांडतील, कागदावर कॉलेजचा शिक्का बसंल, आणि तो कागद मी त्या सरपंचाच्या तोंडावर टाकीन.

शिरवळला रेश्माला फोन केला. ती तिथे कारखान्यात पॅकिंगला आहे. म्हणाली, "आई, आता सोड की. चार वर्सं झाली. आप्पा जसं व्हतं तसं व्हतं." जसं होतं तसं म्हणजे कसं, हे मी विचारलं नाही. फोन ठेवून दिला.

३१ जानेवारी, शनिवार

एक बस करून गेलो. चाळीस मुलं, सर आणि मी. गावात शिरताना मी खिडकीबाहेर बघितलं नाही.

सरपंच लालासाहेब आधीपासून दारात उभे होते. पांढरे कपडे, तोंडात पान. "या वैनी. लय दिसांनी." जणू मी हळदीला आले होते. मागे गावातली दहा-बारा माणसं. अर्जुना त्यांच्यातच होता, पोरीला घेऊन. नऊ-दहा वर्षांची पोर, हात गळ्यात. आणि जिन्याच्या अगदी वर, शेवटच्या पायरीवर, बिबवा आणि मिरच्या टोचलेलं लिंबू ठेवलेलं.

"हे कुणी ठेवलं?"

अर्जुना म्हणाला, "मी ठेवलं, वैनी. पोरगी माजी पडली. राग मानू नगा."

मी ते उचललं आणि खिडकीतून फेकलं. मग मुलांना म्हटलं, लावा टेप.

सई खालून सुरू झाली. ती आकडा म्हणायची, वीरधवल मोठ्याने परत म्हणायचा, सर लिहायचे. पहिली पायरी: पाच इंच. "पाच!" दुसरी साडेसहा. तिसरी साडेसहा. चौथी साडेसहा. किती साफ काम, खालची सोडली तर दोन सुताचासुद्धा फरक नाही, मुलंसुद्धा म्हणायला लागली, काय हात होता मावशी. मधला टप्पा साडेसहा. वरची वळलेली ओळ साडेसहा, साडेसहा, साडेसहा. मी जिन्याखाली उभी राहून मोजत होते, एकोणीस झाल्या. मग आवाज थांबला.

"म्हण की," मी खालून ओरडले.

सई म्हणाली, "आठ."

"आठ!" वीरधवलने म्हटलं नाही. मीच म्हटलं. मी एवढ्याने ओरडले की लालासाहेबांचं पान खाली पडलं. "आठ इंच! ऐकलं का? सगळी साडेसहा आणि वरची आठ! वरनं उतरणारा माणूस पाय टाकतोय साडेसहावर आणि जमीन हाय दीड इंच खाली! ह्यो पडणार न्हाई तर काय हुईल? ह्यात दारू कुटं हाय? ह्यात भूत कुटं हाय?"

अर्जुनाने पोरीच्या डोक्यावर हात ठेवला.

लालासाहेब शांतपणे म्हणाले, "वैनी, नकाशा इंजिनिअरचा. पण जिना कुणी घातला?"

मी त्यांच्या अंगावर धावून गेले असते. सरांनी अडवलं. परतताना बसमध्ये मुलं गाणी म्हणतील असं वाटलं होतं, जिंकून आलो होतो आम्ही. कुणीच म्हटली नाहीत. सई खिडकीशी वही घेऊन काहीतरी लिहीत होती आणि मी बघितलं की मिटत होती.

३ फेब्रुवारी, मंगळवार

ट्रंकेतून मालकांचा नकाशा काढून नेला. त्यांनी कधी नकाशा टाकून दिला नाही. घामाचे डाग आहेत त्याच्यावर. इंग्रजी मला जेमतेम लागतं, म्हणून सरांना दिला, मुलांत फिरवायला. चूक कुठे झाली ते गटागटाने लिहून द्या, असं सांगितलं. तास संपताना दहा कागद माझ्या हातात आले.

दहाही कागदांवर एकच उत्तर. इंजिनिअरने नकाशात मजल्याची उंची चुकीची दाखवली, म्हणून वरच्या पायरीत फरक आला.

मला हेच हवं होतं. चार वर्षं हवं होतं. मग एकदा आकडे करून बघावेत म्हणून बसले, सवयीने. खालची पाच. मधल्या अठरा, साडेसहाच्या, म्हणजे एकशे सतरा. वरची आठ. बेरीज एकशे तीस. नकाशात मजल्याची उंची बघितली. आकडे तेच असतात, इंग्रजीत काय नि मराठीत काय. दहा फूट दहा इंच. एकशे तीस.

पुन्हा बेरीज केली. एकशे तीस.

नकाशात एकशे तीस आणि जिन्यात एकशे तीस. मग नकाशा कसा चुकला?

मी त्यांच्याकडे बघितलं. एकसष्ट पोरं खाली मान घालून बसलेली. कुणीच डोळ्याला डोळा देईना. तेव्हा कळलं. मुलांना उत्तर येत होतं. मुलांनी ते माझ्यासाठी बदललं होतं.

इतका राग मला आयुष्यात आला नव्हता. लालासाहेबांचा आला नव्हता. "कुणी सांगितलं तुमाला असं करायला? सरांनी?" सर म्हणाले, "नाही. पण मी अडवलंही नाही." "लाज न्हाई वाटली? गावानं खोटं सांगितलं माज्या नवऱ्याबद्दल, म्हणून मी तुमच्याकडं आले. आणि तुमीबी खोटंच सांगताय? गोड खोटं झालं म्हणून काय ते खरं हुतंय? उद्या घरं बांधाल आणि कुणाचं मन राखायला आकडे बदलाल?" वीरधवल रडत होता. रडू दे.

सईला म्हटलं, उठ. फळ्यावर मांड. खरं मांड.

ती आली. खडू दोनदा मोडला तिच्या हातात. तिने जिना काढला आणि हळूहळू म्हणाली, "मावशी, काकांनी जिना घातला तेव्हा सगळ्या पायऱ्या साडेसहाच होत्या. खालची पण, वरची पण. बरोबर होता जिना. मग लाद्या बसल्या. खालच्या मजल्यावर आणि वरच्या मजल्यावर जाड लादी, खालच्या मसाल्यासकट तीन इंच. आम्ही मोजली त्या दिवशी, दाराशी. आणि पायऱ्यांवर कडप्पा, दीडच इंच. खालची जमीन तीनने वर आली, पहिली पायरी दीडनेच वर गेली. म्हणून साडेसहाची पाच झाली. वरचा मजला तीनने वर गेला आणि शेवटची पायरी दीडनेच. म्हणून आठ."

नकाशातल्या कोपऱ्यातल्या बारीक ओळीवर तिने बोट ठेवलं. "इथे लिहिलंय. सगळ्या उंच्या लादीसकट धराव्यात."

मालकांच्या उस्तादाच्या काळात खाली शहाबादी, वर शहाबादी, पायरीवरही शहाबादीच. सारखी जाडी, समसमान कटून जायचं. तीस वर्षं कटत गेलं. या इमारतीला नव्या तऱ्हेच्या लाद्या आल्या आणि कटलं नाही. मालकांना इंग्रजी येत नव्हतं. पण लादी डोळ्यांना दिसत होती.

आणि मी हाच नियम या एकसष्ट मुलांना शिकवला होता. या मुलीने पहिल्याच दिवशी विचारलं होतं आणि मी तिला खाली बसवलं होतं.

मी तिला म्हटलं, बरोबर हाय तुजं. सरांच्या वहीत माज्या हातचा जो नियम उतरवलाय त्यो खोडा. सर म्हणाले, "खोडायचा नाही मावशी, त्यात एक ओळ घालायची." मी म्हटलं, खोडा. त्यांनी खोडला नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार

रजा.

८ फेब्रुवारी, रविवार

रेश्माला फोन करून सगळं सांगितलं. आकड्यांसकट. मला वाटलं ती म्हणेल, बघ, तुला सांगत होते सोड म्हणून. मागे कसल्यातरी मशीनचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "म्हंजे आप्पा प्यालं नव्हतं."

"न्हाई."

"आई, मला वाटायचं प्यालंच व्हतं."

एवढं बोलून ती अशी रडायला लागली की मला फोन कानाला लावून बसून राहण्याखेरीज काही सुचेना. चार वर्षं माझी लेक असं समजत होती की बापाने बिरोबाची शपथ मोडली. आणि मी तिच्यावर कशी चिडू? मी तर वाकून हुंगलं होतं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

एकटीच एस्टीने गेले. ग्रामपंचायतीत लालासाहेब आणि आठ-दहा माणसं बसली होती. मी कागद टेबलावर ठेवला. कॉलेजचा शिक्का नव्हता त्याच्यावर, सईचं अक्षर होतं.

"जिना दुरुस्त करा," मी म्हटलं. "एकुणीस पायऱ्यांचा कडप्पा काढा, खाली दीड इंच मसाला वाढवा, कडप्पा परत बसवा. खालची पाचाची साडेसहा हुईल, वरची आठाची साडेसहा. एवढंच हाय."

लालासाहेबांनी कागद उलटासुलटा केला. "आवं वैनी, कशाला उकरताय? हे केलं तर उद्या लोक काय म्हणतील? बिरदेवानं जिना चुकीचा घातला म्हणतील. आज निदान झाकलेलं हाय. दारूचं काय, कुणाकडनंबी हुतंय, लोकं इसरत्यात. पण मिस्त्रीचं काम चुकलं म्हटल्यावर..."

"दारूचं पयलं कोण म्हणालं?"

"लोक म्हणाले."

"पयलं कोण?"

ते खिडकीबाहेर बघायला लागले. दुसऱ्या दिवशी उद्घाटन होतं, मोठी माणसं यायची होती, मंडप पडला होता. माणूस पिऊन पडला तर मंडप तसाच राहतो, जिना चुकला तर काढावा लागतो. हे मला आज त्यांच्या मानेकडे बघताना कळलं. मी काही बोलले नाही, कारण बोलले असते तर कागद मागे पडला असता आणि भांडण पुढे आलं असतं. आयुष्यात पहिल्यांदा मी तोंड आवरलं.

मग उठून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "ऐका. माज्या मालकांची चूक हाय. बिरदेव मिस्त्रीची. त्यांनी लादी धरली न्हाई. त्यांनी दारू घेतली नव्हती आणि ते कुणाला ढकलत न्हाईत. जिना चुकला. माणूस चुकतोय. त्यात लाज असंल तर माजी हाय, तुमी घेऊ नका. पण अजून एक पोर तिथं पडलं तर ती चूक मालकांची न्हाई. ती तुमची, लालासाहेब. आता तुमाला ठावं हाय."

अर्जुना दाराशी होता. तो म्हणाला, "सरपंच, मी काढतो कडप्पा. माणसं मी आणतो."

लालासाहेबांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला कळलं नाही. अर्जुनाने हो धरलं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

मुकुल सरांनी मॅडमपुढे जिन्याचं सगळं मांडलं. मॅडम म्हणाल्या, छान आहे, एक तास ठेवू, दुसरा सॉफ्टवेअरला. अर्धं गणित. उरलेल्या अर्ध्यात काय पडायचं ते पडेल. काचेबद्दल मला लेखी समज मिळाली. सरांच्या वहीतला मालकांचा नियम मी वाचला. खाली सरांनी एक ओळ जोडली आहे: आधी लादी विचारा.

१ मार्च, रविवार

काल काम झालं. अर्जुनाने तीन माणसं आणली होती. कडप्पा सगळा शाबूत निघाला, एकही तुकडा फुटला नाही, इतका नीट बसवलेला. गवंडी म्हणाला, वैनी, मिस्त्री लय चांगला हुता. मी म्हटलं, हो, हुता.

आज मसाला सुकला होता. पहाटेच्या गाडीने पुन्हा गेले होते. कुणी नव्हतं, नुसती अर्जुनाची पोर आली होती, हाताचं प्लास्टर निघालेलं. तिला म्हटलं, तू खाली थांब. वर गेले. पहिल्या पायरीवरून खाली बघितलं. जिथे उभे होते ते शेवटचे, तिथेच मी उभी होते. मला वाटलं होतं रडू येईल. आला तो राग, आणि तो राग इंजिनिअरवर नव्हता, लालासाहेबांवरही नव्हता.

अहो, एकदा खाली वाकून लादी बघायची होती तुम्ही. तुम्हीच सांगायचात, पाय आधीच्या पायरीवर विश्वास ठेवतो. मग उस्तादाच्या पायरीवर विश्वास ठेवून तुम्ही पुढची का टाकलीत? एका वाक्याचं काम होतं. लादीवाल्याला हाक मारायची, किती जाड रं, म्हणून विचारायचं. मला विधवा करायला दीड इंच पुरला तुम्हाला. चार वर्षं मी सगळ्या जगाशी भांडले, एक तुमच्याशी तेवढी भांडले नाही. आज भांडते. ऐका.

खालून पोर ओरडली, "आजी, येताय न्हवं?"

"येते," म्हटलं, आणि न बघता पाय टाकला.